तंबाखू हळूहळू सोडायची का एकदम?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. कॉलेजपासून मळून खायची सवय आहे, सकाळी डोळा उघडला की चहाच्या आधी हातावर चुना. केळीची कटाई चालू असली की मजुरांसोबत बसतो, कोणी ना कोणी हात पुढे करतंच, मग किती झाली हिशोबच राहत नाही. आता शेवभाजी खाल्ली की तोंडात आग होते म्हणून बायको मागे लागलीय. एकदम बंद करून पाहिली तर डोकं भणभणायचं, पोरांवर खेकसायचो, पोट पण साफ होईना. हळूहळू कोणाची सुटली का?

भुसावळवाला:
सुटते भो, माझी तशीच सुटली. पण नुसतं कमी करतो कमी करतो म्हणून काही होत नाही. पुडी खिशात ठेवू नको. मी सकाळची पहिली चिमूट चहानंतर, मग आंघोळीनंतर, मग नाश्त्यानंतर अशी पुढे ढकलत गेलो, जेवणानंतरची सगळ्यात शेवटी सोडली. आणि बंद करायची तारीख आधीच ठरव, नाहीतर दोन चिमटींवर येऊन गाडी आऊटरलाच उभी राहते.

मेडिकलवाला_धुळे:
निकोटीनचं च्युइंगम मिळतं, 2 मिलीग्रॅमचं. लोक कचाकचा चावतात, लाळ गिळतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि म्हणतात बेकार आहे. हळू चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं. 15 मिनिटं आधीपासून चहा, आंबट नको. उठल्या उठल्या लागते ना तुम्हाला, मग 4 चं लागेल कदाचित, ते डॉक्टरला विचारूनच. भणभण पहिले दोन-तीन दिवसच जास्त असते. पण दादा, तोंडाची आग आधी दाखवा. तीन बोटं उभी जातात का तोंडात? नसतील जात तर तोंड कमी उघडतंय, मग उशीर नको.

अमळनेरची_ताई:
1800-11-2356 ला फोन करा, तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. आईची मिश्री सोडवताना आम्ही केला होता.

खान्देशी_गडी:
हे दारूला लावू नका कोणी. गल्लीतल्या एका काकांनी पोळ्याला एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी हात थरथर, भिंतीवर माणसं दिसायला लागली, सिव्हिलला न्यावं लागलं. रोज पिणाऱ्याने डॉक्टरला विचारूनच सोडावी. तंबाखूत त्रास होतो पण तसा धोका नाही.

केळीवाला_यावल:
तीन नाही जात, दोनच जातात. उद्याच जळगावला दाखवतो. पण मजुरांचं काय करू, त्यांच्यात बसणं तर बंद होणार नाही?

भुसावळवाला:
आधीच सांगून टाक त्यांना, मला देऊ नका म्हणून. चार दिवस हसतील. खिशात बडीशेप ठेव, सुपारी मात्र नको.