सिनेमाचं ठीक, मालिकांचं काय?
मुलांनी काय बघावं यावर 'सिनेमाचं सर्टिफिकेट बघून पोरांना न्यावं, प्रश्न मिटला' असं म्हणतात, ते थिएटरपुरतं पटलं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांच्या सर्टिफिकेटचे, वयानुसार ७+, १३+, १६+ असे भाग पडले, त्याचा मला खरंच उपयोग होतो. ओटीटीवर १३+ पासून पुढे लॉकची सोय २०२१ च्या नियमांनुसार द्यावीच लागते. पण आमच्या परळच्या वन रूम किचनमध्ये टीव्ही एकच, आणि संध्याकाळी रिमोट आजीकडे. तिथे कुठला पिन लावणार? परवा मालिकेतल्या जावेने दुधात कसलीशी पूड कालवली, तर आमची सात वर्षांची कन्या वरणभाताचा घास हातात धरून आ वासून बघतेय! मारामारी एक वेळ परवडली, ती खोटी असते हे तिला कळतं. ही घरातली कारस्थानं मात्र तिला खरी वाटतात. आता सासूबाईंना हे सांगायचं कसं, ते सुचवा.