मदत हवी आहे: पाच ठिपक्यांच्या रानफुलाची ओळख

मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, कोरड्या ओढ्याच्या खडीत हे रोप दिसलं. जेमतेम वीतभर उंच, खोड लालसर, अंगभर ताठ लव. पानं गोल, कडेला दातेरी, आणि दिवसभर सूर्याकडे तोंड करून वळणारी. फूल फिकट जांभळट-गुलाबी. पाचही पाकळ्या पूर्ण पसरत नाहीत, आत वळून कंदिलासारख्या राहतात. गुडघे टेकून आत डोकावलं तेव्हा प्रत्येक पाकळीच्या तळाशी गडद लाल ठिपका दिसला. काय सुंदर दिसतो तो! मधोमध पुंकेसरांचा दांडा जास्वंदीसारखाच, त्यामुळे कुळाबद्दल शंका नाही.

माझ्या मते हे 'डेझर्ट फाइव्ह-स्पॉट', म्हणजे एरेमॅल्की रोटुंडिफोलिया. सकाळी मिटलेली फुलं दुपारी उघडली, तेही जुळतं.

अडलंय ते शेजारच्या रोपापाशी. ते जमिनीलगत पसरलेलं, फुलं बारकी आणि पांढरट, ठिपके नाहीत, पानांना खोल खाचा. ही एरेमॅल्की एक्झिलिस असेल का? फुलं गळून गेल्यावर नुसत्या फळांवरून या दोन जाती वेगळ्या ओळखता येतात का? दोन्हींची फळं कुणी जवळून पाहिली असतील तर कृपया नेमकं काय बघायचं ते सांगा.