रमाबाई रानडे मताधिकाराच्या ‘समर्थक’ की आणखी काही?

सांगलीत आमच्या महिला मंडळाचा भित्तिफलक चाललाय, रमाबाई रानड्यांवर. त्या मूळच्या इकडच्याच, देवराष्ट्र्याच्या, जन्म १८६२ चा, तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं आता सांगलीत. मजकुरात ‘स्त्री-मताधिकाराच्या समर्थक’ असं आलंय आणि मला ते काही केल्या पटेना. ‘पुरस्कर्त्या’ चालेल का?

— ताई, शंका रास्त आहे. समर्थक म्हणजे मागणी दुसऱ्याची आणि हा पाठीशी उभा, उमेदवाराच्या गाडीमागं फिरतात ते पण समर्थकच. इथं रमाबाईंना स्वतःलाच मत नव्हतं हो! इंग्रजांच्या १९१९ च्या कायद्यात बायकांना मत द्यायचं का नाही हे सरकारनं प्रांतांच्या कौन्सिलांवर, म्हणजे तिथल्या विधिमंडळांवर ढकललं, मग मुंबई इलाख्यात ज्या बायकांनी हे लावून धरलं त्यांच्यात साठीला आलेल्या रमाबाई पुढं होत्या आणि १९२१ ला मुंबई कौन्सिलनं ठराव केला. पुरस्कर्ता हा विचार मांडणारा, न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणतो तसा. चुकीचा नाही, पण त्यात धावपळ दिसत नाही. सरळ ‘मताच्या हक्कासाठी झगडलेल्या’ लिहा, अशा ठिकाणी मराठीत क्रियापदच जास्त बोलतं.

— ‘झगडलेल्या’ला माझं पण मत. आणि ‘मताधिकार’ काढून ‘मताचा हक्क’च ठेवा, फलक बचत गटाच्या बायका पण वाचणार ना, आमच्या कडेगावकडं बायका ‘मतदान केलं’ असं सुद्धा फार म्हणत नाहीत, ‘मत टाकून आले’ म्हणतात, बोटाची शाई दाखवत.

— एक काळजी घ्या, ‘१९२१ ला स्त्रियांना मत मिळालं’ असं मोघम लिहू नका. पुरुषांना होती तीच मालमत्तेची नि कराची अट बायकांनाही होती, त्यामुळं स्वतःच्या नावावर काहीतरी असलेल्या मोजक्याच बायका त्यात बसल्या. शिवाय सांगली शहर तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात, त्यामुळं हा ठराव आपल्या गावाला लागूच नव्हता, लोकांना हे माहीतच नसतं. सगळ्यांना हक्क आला तो राज्यघटनेनं. आणि तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ नाहीतर ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. बहुतेक उत्तरेकडच्या, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कुणी विचारायचं नाही ही रीत आपल्याकडं तरी कुठं वेगळी होती. म्हणून सांगतो, फलकावर ‘न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी’ ही ओळ पहिली असेल तर ती खाली घ्या, नाव आणि देवराष्ट्रे वर येऊ दे.