टेनिस एल्बो: व्यायामाने दुखणं वाढलं, बंद करू का?

हातोडे:
टेनिसची रॅकेट जन्मात धरली नाही, तरी टेनिस एल्बो झालाय. तीन महिन्यांपूर्वी एका शनिवार-रविवारी जुनी कपाटं खोलून पुन्हा जोडली, सगळे स्क्रू हाताने. सोमवारपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं तरी कळ येते. ओलं फडकं पिळता येत नाही, कुलपात किल्ली फिरवताना दातओठ खावे लागतात. महिनाभर हात अगदी जपला, बरं वाटलं. मग भरलेली बादली उचलली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता फिजिओने एक किलोचं डंबेल दिलंय. पालथ्या हाताचं मनगट डाव्या हाताच्या आधाराने वर न्यायचं आणि उजव्याने सावकाश खाली सोडायचं, १५ वेळा, तीनदा. चार दिवस केलं, ठणका वाढला. बंद करू? घरचे म्हणतात, इंजेक्शन घे आणि मोकळा हो.

जुनं_कोपर:
मी घेतलं होतं, स्टिरॉइडचं. तीन आठवडे कोपर आहे हेच विसरलो, आणि त्याच भरात नको ते सगळं उचललं. दुखणं परत आलं ते व्याजासकट. पुढे कळलं की रुग्णांवर केलेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय: इंजेक्शन न घेणाऱ्यांच्या तुलनेत इंजेक्शनवाले सहा आठवड्यांना पुढे असतात, वर्षाअखेरीस मागे पडतात. हाताला बांधायचा टेनिस एल्बोचा पट्टा मात्र कामाचा. फक्त तो कोपरावर बांधू नका, दोन बोटं खाली बांधा. मी महिनाभर चुकीच्या जागी बांधून पट्ट्यालाच नावं ठेवत होतो.

पंचा_आणि_पट्टा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायाम सोडू नका, वजन उतरवा. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) त्या हाडाला चिकटते, आणि तीन महिन्यांच्या दुखण्यात सुजेपेक्षा तिच्या तंतूंची वीण बिघडलेली असते. आरामाने कळ थांबते, पण कंडरेची ताकद वाढत नाही. तुमच्या बादलीने तेच दाखवलं.

दुखणं शून्य ते दहात मोजा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते आधीच्या पातळीवर यायला हवं. येत नसेल तर सध्या नुसता दाब द्या. हात टेबलावर पालथा, कोपर वाकवलेलं, डाव्या हाताने वरून दाबायचं आणि उजव्याने विरोध करायचा. मनगट हलता कामा नये. ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा. हे पचलं की अर्ध्या लिटरची भरलेली बाटली घेऊन खाली सोडण्याचा व्यायाम. फरक पडायला सहा ते बारा आठवडे धरून चला. वस्तू उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवा, दिवसभराचा बराच ताण तिथेच वाचतो.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात का? येत असतील तर प्रकरण मज्जातंतूचं असू शकतं, तपासून घ्या.

हातोडे:
मुंग्या नाहीत. काल घड्याळ समोर ठेवून पाहिलं, तर ज्याला मी ‘सावकाश’ म्हणत होतो ते जेमतेम एक सेकंद होतं! वर डंबेल असं आवळून धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. आज नुसता दाब, पाच वेळा. करताना तीन. उद्या सकाळी किल्ली फिरवून आकडा कळवतो.