अंगणवाडी चांगली चाललीय का नाई हे कशावरून ओळखायचं?

ग्रामपंचायत सदस्या, औसा तालुका
यंदा निवडून आलेय आणि अंगणवाडीकडं लक्ष द्यायचं काम माझ्याकडं आलंय. वजनाच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपवरची हजेरी, खिचडी हे बघता येतं, पण लेकरं शिकायलेत का आणि अंगणवाडीच्या ताईला वरून मदत मिळायली का हे कसं तपासायचं? लोक म्हणायलेत एबीसीडी येत नाई, अन तीन वर्षांची लेकरं व्हॅनमधी कोंबून तालुक्याच्या नर्सरीत पाठवायलेत. लै जीव तुटतो बघून.

निवृत्त मुख्य सेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका), परभणी
ताई, आधी एबीसीडी डोक्यातून काढा. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तकच नको म्हणलंय, खेळ, गाणी, गोष्टी यातूनच शिकवायचं. न सांगता अकराच्या सुमारास जा अन अर्धा तास कोपऱ्यात गप बसा. भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी असली तर ती ताईनंच काढून दिलेली समजा. खेळण्यांचं कपाट उघडायला लावा, मी लै ठिकाणी बघितलंय, किट आलेलं पण वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाई, का तर हरवलं तर भरून कोण देणार. चिंचोके मोजताना लेकरू चुकलं की ताई लगेच उत्तर सांगते का "परत मोज बरं" म्हणते, शिकवणं तिथं कळतं.

एक बाप, नांदेड
हे पटतंय पण घरी कोण पटवणार, आमची आई म्हणायची तिथं नुसतं खेळवतेत. आमच्या ताईनी महिन्याला पालकांना बोलवून लेकरांचं काम दाखवायला सुरू केलं तवा आई गप झाली.

सेविका, कंधार तालुका
ताईला बोलायच्या आधी तिच्यामागं कोण उभं हाय ते बघा. एका मुख्य सेविकेकडं वीस-पंचवीस अंगणवाड्या, ती आली की रजिस्टर तपासण्यातच वेळ जातो, भेटवहीत शिकवण्याबद्दल एक तरी ओळ हाय का वाचा. वरून आम्हाला सर्वे, लसीकरण, मोबाईलवरची माहिती, रेंज नसली की गच्चीवर चढून भरायची अन तवर लेकरं मदतनीस बाईकडं. अजून एक, अंगणवाडीच्या देखरेख समितीचं अध्यक्षपद ग्रामपंचायत सदस्याकडं असतं, शक्यतो महिलेकडं. बैठक खरंच बसून घ्या, घरोघर सह्या फिरवू नका.

ग्रामपंचायत सदस्या, औसा तालुका
बैठक याच महिन्यात लावते. खेळणं तुटलं-हरवलं तर ताईकडून भरपाई घ्यायची नाई, हा ठराव पहिला मांडणार.