सिंगापूरच्या 'दिबाश्रम'सारखे केंद्र जालन्यात चालवता येईल का?

परतूरकर

नमस्कार.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत भट्टीपाशी आणि रोलिंग मिलवर राबणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा येथील तरुणांचा भरणा मोठा आहे, हे इथल्या कोणाला सांगायला नको. ठेकेदारामार्फत ते येतात, पत्र्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात आणि वर्षानुवर्षे इथे काढूनही गावाच्या खिजगणतीत नसतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले जे १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्यातच कामाला होते आणि भुसावळहून मध्य प्रदेशाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेवर पायी निघालेले होते. त्यानंतर शहरात हळहळ पुष्कळ झाली. पण तशी वेळ पुन्हा आलीच, तर या माणसांनी कोणाच्या दारात जावे, याचे उत्तर आजही कोणापाशी नाही.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे वरच्या मजल्यावरील सभागृह बहुतेक दिवस कुलपातच असते. सिंगापुरातील बांगलादेशी कामगारांसाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या 'दिबाश्रम' या केंद्राविषयी वाचनात आले, आणि आपणही असे काही करावे, अशी चर्चा कार्यकारिणीत सुरू झाली. अडचण पैशाची नाही, पैशाबरोबर आलेल्या अटीची आहे. एका कारखानदारांनी हार्मोनियम, तबला, कॅरम आणि टीव्ही देण्याची, शिवाय विजेचे बिल भरण्याचीही तयारी दाखवली आहे. मात्र तिथे पगार, ओव्हरटाइम, अपघात असले विषय निघता कामा नयेत, असे त्यांनी बजावले आहे. निम्म्या सदस्यांचे म्हणणे, भजन-गाण्यापासून सुरुवात तर होऊ द्या, बाकीचे पुढे पाहू. उरलेल्यांना वाटते की, ज्याचा तीन महिन्यांचा पगार अडकला आहे, त्याच्यापुढे पेटी-तबला ठेवणे ही थट्टा आहे. परदेशांतील बांगलादेशी मंडळींच्या केंद्रांत या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे कोणी जवळून पाहिले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

नांदेडचा अभियंता

परतूरकर साहेब, बांधकामाच्या नोकरीनिमित्त मी काही वर्षे सिंगापुरात होतो आणि माझ्या हाताखालचे बहुतेक कामगार बांगलादेशी होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

'दिबाश्रम' सुरू करणारे ए. के. एम. मोहसिन हे २००६ पासून तिथे निघणाऱ्या 'बांगलार कंठ' या बंगाली नियतकालिकाचे संपादक. म्हणजे आधी वाचक जमले, त्यांची पत्रे आणि कविता येऊ लागल्या, आणि जागेचा विचार त्यानंतर झाला. केंद्र लिटल इंडिया भागात उघडले, यालाही कारण आहे. रविवारी दुपारी मुस्तफा या तिथल्या मोठ्या दुकानामागील डेस्कर रोडच्या बाजूला गेलात, तर पदपथावर, गवतावर, मिळेल त्या सावलीत बांगलादेशी कामगार शेकड्यांनी बसलेले दिसतात. कोणी व्हिडिओ कॉलवर घरच्यांशी बोलत असतो, कोणी कागदाच्या पुडीतून झालमुडी (बंगाली भेळ) खात असतो. त्या गर्दीत काही जणांच्या काखेत प्लास्टिकची पारदर्शक फाइल असते. तिच्यात दवाखान्याचे कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, मालकाचे पत्र आणि सगळ्यांत वर स्पेशल पास, घामाने कडा मऊ पडलेला.

तो पास समजून घेतल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. तिथला वर्क परमिट एकाच मालकाशी बांधलेला असतो. दलालाला अनेक महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मोजून माणूस आलेला असतो, त्यामुळे तो सहसा तक्रार करतच नाही. केलीच, आणि परमिट रद्द झाला, तर प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत स्पेशल पासवर त्याला देशात राहता येते. पण त्या काळात सर्वसाधारणपणे काम करण्याची मुभा नसते. हात चिरडलेला किंवा पगार बुडालेला माणूस असा महिनोन्‌महिने रिकामा बसून राहतो. कमाई नसते, गावी कर्ज वाढत असते आणि खोलीवर जायला तोंड नसते. त्याला दिवसभर टेकायला जागा हवी, ही 'दिबाश्रम'मागची मूळ गरज होती. पेटी, तबला, नाटकाच्या तालमी आणि कवितावाचन त्याच खोलीत सुरू झाले, कारण तिथे येणाऱ्यांपाशी वेळ होता आणि बोलण्यासारखे पुष्कळ साचलेले होते. तेव्हा आपल्या कार्यकारिणीत जे दोन तट पडले आहेत, ते तिथे पडूच शकले नसते. गाणारा आणि तक्रारदार हा पुष्कळदा एकच माणूस होता.

तिथे सगळी कामे एकाच संस्थेने अंगावर घेतलेली नाहीत, हेही लक्षात घ्यावे. 'ट्रान्झियंट वर्कर्स काउंट टू' ही संस्था २००८ पासून लिटल इंडियात अशा अडकलेल्या कामगारांना मोफत जेवण देते आणि दाव्यांच्या कागदपत्रांत मदत करते. जेवायला आलेल्या माणसाचे प्रकरण तिथेच समजून घेतले जाते.

आता दुसरी बाजूही सांगतो. २०१४ मध्ये सिंगापुरात स्थलांतरित कामगारांची काव्यस्पर्धा सुरू झाली. पहिली दोन्ही वर्षे ती जिंकणारे झाकिर हुसेन खोकन बांधकामावर काम करणारे बांगलादेशी. त्यांचे तिथे खूप कौतुक झाले. २०२२ मध्ये, एकोणीस वर्षे तिथे काढल्यानंतर, त्यांच्या परमिटचे नूतनीकरण नाकारण्यात आले. कामगारांच्या वसतिगृहातील परिस्थितीविषयी त्यांनी समाजमाध्यमावर लिहिलेला मजकूर दिशाभूल करणारा होता, असे तेथील मनुष्यबळ मंत्रालयाचे म्हणणे होते. कविता जोवर आईच्या आठवणीची असते, तोवर टाळ्या मिळतात. आपल्या कारखानदारांची अट वाचल्यावर मला हेच आठवले.

लातूर ते लंडन

मी पूर्व लंडनमध्ये राहतो. इथल्या टॉवर हॅम्लेट्स भागात २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३५ टक्के रहिवासी बांगलादेशी वंशाचे आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ बांगलादेशातील सिल्हेट भागाचे. येथे कवी नजरूल इस्लाम यांच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र आहे, बांगला नववर्षाचा मेळा भरतो, २१ फेब्रुवारीला शहीद मिनारवर, म्हणजे बंगाली भाषेसाठी प्राण दिलेल्यांच्या स्मारकावर, फुले वाहिली जातात. पण हे सगळे पाहून जालन्याचा आराखडा करू नका, एवढेच सुचवण्यासाठी लिहीत आहे.

कारण लंडनचा बांगलादेशी माणूस मतदार आहे. सुरुवातीला पुरुष एकटे आले, कपड्यांच्या कारखान्यांत राबले, नंतर बायकामुले आली आणि मग घरे, शाळा, सुरक्षितता हे प्रश्न उभे राहिले. १९७६ मध्ये घरांसाठी बंगाली कुटुंबांची कृती समिती स्थापन झाली. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा शिवणकाम करणारा तरुण कामावरून घरी परतताना वर्णद्वेषातून मारला गेला, आणि दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेले. ज्या बागेत आज शहीद मिनार आहे, तिला १९९८ मध्ये त्याचेच नाव देण्यात आले. या लढ्यांतून तरुणांच्या संघटना उभ्या राहिल्या, पुढे त्यांतलेच काही नगरसेवक झाले, आणि मग सांस्कृतिक कामासाठी इमारती व अनुदान मिळवणे सोपे गेले. आपल्या जालन्यातील बिहारी कामगाराचे नाव तिथल्या मतदारयादीत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी नगरसेवक धावणार नाही. त्याची अवस्था सिंगापूरच्या कामगाराशी अधिक जुळते. फरक इतकाच की, त्याला देशाबाहेर काढण्याचा धाक कोणी दाखवू शकत नाही.

अंबाजोगाईचे मास्तर

वरील चर्चेत सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे आधीची करमणूक आणि हक्काचे काम म्हणजे नंतरची खरी गोष्ट, असा एक सूर लागलेला दिसतो. मराठवाड्याच्या माणसाने तरी तो लावू नये. निजामी राजवटीत सभेला परवानगी लागत असे, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी वाचनालये, गणेशोत्सवातील मेळे आणि साहित्य परिषदा यांचाच आधार घेतला होता. हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे आहे. निजामी राज्यातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले होते, हे प्रश्नकर्त्यांना त्यांच्या नावावरून तरी ठाऊक असावे. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असताना मराठी पुस्तकाची पेटी गावोगाव नेणे हे काम राजकारणाइतकेच जड होते.

बांगलादेशाचा इतिहासही याच वाटेने गेला. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात भाषेसाठी तरुणांनी प्राण दिले. १९६१ मध्ये रवींद्र जन्मशताब्दीच्या निमित्ताने 'छायानट' ही संस्था उभी राहिली. १९६७ मध्ये पाकिस्तान सरकार नभोवाणीवरील रवींद्रसंगीताला आवर घालू पाहत होते, आणि त्याच वर्षी छायानटने ढाक्याच्या रमना उद्यानातील झाडाखाली पोहेला बैशाखचे, म्हणजे बांगला नववर्षाचे, प्रभातगायन सुरू केले. इतकेच काय, २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन व्हावा, ही खटपट कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्या दोघा बांगलादेशींनी सुरू केली होती आणि युनेस्कोने १९९९ मध्ये ती मान्य केली. जो माणूस परदेशात गाण्याला बसतो, त्याच्या पाठीशी एवढे सगळे असते. म्हणून पेटी-तबल्याला थट्टा म्हणू नये. मात्र त्या पेटीवर काय वाजवायचे, हे देणगीदाराने ठरवू नये.

एक सूचना आहे. आपण भजन म्हणालात. ते कोणाच्या भाषेतले? भोजपुरी, मैथिली, ओडिया बोलणाऱ्यांना मराठी भजन शिकवण्यासाठी हे केंद्र नाही. त्यांची बिरहा गाणी त्यांनी गावीत, त्यांची छठपूजा, त्यांचा नुआखाई हा सण त्यांनी साजरा करावा, आपण सतरंजी अंथरावी.

धारूरची कार्यकर्ती

मास्तरांशी मी सहमत आहे, तरी जमिनीवरच्या काही गोष्टी सांगते. ऊसतोड कामगारांबरोबर काम करताना मला दिसले की, मजूर कुठेही गेला तरी त्याचा हिशेब त्याच्या हातात नसतो. आमच्याकडे कोयत्याची उचल मुकादमाच्या वहीत असते. तुमच्याकडे आठवड्याची खर्ची ठेकेदाराच्या वहीत असते. शेवटी किती दिले, किती कापले, हे वही ज्याची तो सांगेल. म्हणून केंद्राचे पहिले काम पेटी नसो, वकील नसो, खिशात मावेल अशी एक छोटी डायरी असो. तारीख, किती तास, कोणत्या खात्यात, किती खर्ची घेतली, असे चार रकाने हिंदीत छापून घ्या. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी वाचनालयातील एखादा विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी लिहून देईल. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करायची वेळ आली, तर त्या माणसापाशी स्वतःची अशी एक नोंद तरी असते. यात 'पगाराचा विषय' निघाला, असे कारखानदारांना वाटेल का? वाटू द्या.

त्यांच्या अटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: वस्तू घ्याव्यात, अट घेऊ नये आणि वीजबिल तर मुळीच घेऊ नये. तबला एकदा दिला की तो तुमचा झाला. बिल दर महिन्याला येते, आणि दर महिन्याला कोणीतरी विचारायला येते. खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि छोट्या देणग्यांतून भागेल, एवढाच पसारा ठेवा. तुमचे वाचनालय नोंदणीकृत असणारच. घटनेतील उद्दिष्टांत हे काम बसते का, ते वाचून पाहा, आणि बसत नसेल तर धर्मादाय कार्यालयातून दुरुस्ती करून घ्या, म्हणजे पुढे कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही.

आणखी दोन गोष्टी. पहिली म्हणजे, येणाऱ्याचे आधारकार्ड मागू नका, त्याच्या झेरॉक्स जमवू नका. सध्या पश्चिम बंगालमधील मालदा-मुर्शिदाबादकडचा गवंडी बंगालीत बोलला तरी लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात, आणि आपल्या दाराशी कागद तपासले जातात असे एकदा कानोकानी झाले की, तो पुन्हा जिना चढणार नाही. दुसरी म्हणजे, रेशनकार्ड आता देशात कुठेही चालते, हे यांतल्या अनेकांना माहीत नसते. ई-श्रम नोंदणी, पीएफचा यूएएन क्रमांक, ईएसआयचे कार्ड, यांसाठी महिन्यातून एखादी संध्याकाळ राखून ठेवा. बायका सोबत आलेल्या असतील, तर त्यांची वेळ वेगळी ठेवा. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात त्या येत नाहीत.

परतूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही उत्तरे कार्यकारिणीसमोर वाचून दाखवणार आहे. धारूरच्या ताईंची डायरी मला सर्वांत आधी करण्यासारखी वाटते. अभियंता साहेबांना एक शंका विचारतो: आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी प्रत्येक कारखान्याची वेगळी आणि पाळ्याही वेगवेगळ्या, सिंगापूरसारखा सर्वांचा मिळून एक रविवार आम्हाला लाभणार नाही. मग केंद्र उघडायचे कधी?

नांदेडचा अभियंता

दिवस ठरवण्यापेक्षा वेळ ठरवावी. दिवसपाळी सुटल्यानंतर माणसे भाजी-किराण्यासाठी बाजारात येतात. त्या दोन तासांत दार रोज उघडे असले, तर आठवड्यातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. मोठा कार्यक्रम छठला करा. दारावर पाटी हिंदीत लावा, आणि आत प्रवेश विनामूल्य आहे हे मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर वाचनालयाची पायरी आपल्यासाठी नाही, असे समजून लोक खालूनच परत जातात.

परतूरकर

मान्य. डायरीच्या छपाईचे दर उद्याच विचारतो आणि कारखानदारांना अट वगळून पत्र पाठवण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडतो. जालना किंवा बदनापूर परिसरात भोजपुरी अथवा ओडिया लिहिता-वाचता येणारे आणि संध्याकाळी तासभर देऊ शकणारे कोणी या मंडळींच्या परिचयात असल्यास कृपया येथेच कळवावे.