बिरकत हामाझोन (जेवणानंतरची ज्यू प्रार्थना): एका ओळीत उरकली तर चालते का?

शनवारतेली: इस्राएलमध्ये अश्दोदला भाचीकडे शब्बाथचं (शनिवारच्या विश्रामदिनाचं) जेवण होतं. जेवणानंतर मी प्रार्थनेचं पुस्तक उघडतोय तोवर पोरांनी अरामी भाषेतली एक ओळ गायली, 'ब्रिख रहमाना...', या भाकरीचा धनी दयाळू देव धन्य, आणि उठलीसुद्धा! चार आशीर्वादांची ही एवढीशी चिंधी? मला नाही पटलं.

भाकरतुकडा: काका, ओळ नवी नाही. तालमूदात (रब्बींच्या चर्चांचा जुना ग्रंथ; बेराखोत ४०) बिन्यामीन नावाचा मेंढपाळ भाकर खाऊन एवढंच म्हणाला. रब्बी राव म्हणाले, झालं त्याचं कर्तव्य.

शनवारतेली: तेच पान पुढे वाचा. फक्त पहिला आशीर्वाद फिटला, असाच अर्थ तिथे लावलाय. देशाचा आणि यरुशलेमचा आशीर्वाद बाकीच. मेंढपाळाच्या नावावर बिल फाडू नका.

नवगावकर: चौथा आशीर्वाद तरी कुठे मुळातला? रोमनांनी पाडलेल्या बेतार गावच्या मृतांना पुरायची परवानगी मिळाली तेव्हा याव्ने गावच्या रब्बींनी तो घातला. इस्राएल राज्यासाठीचं, सैनिकांसाठीचं 'हाराहमान' ('दयाळू देव' अशा सुरुवातीचं मागणं) हल्लीचंच, ते बरं चालतं. प्रार्थनेत सारा, रिबका, राहेल, लेआ या आद्यमाता आल्या की मात्र कपाळाला आठ्या.

शनवारतेली: भर घाला की. मी काटछाटीबद्दल बोलतोय.

रेवदंड्याची: मला अडतं ते 'आमच्या देहावर कोरलेला करार' इथे. सुंतेचा उल्लेख बायकांनी का करावा? क्राकोवचे मोशे इसर्लिस १६व्या शतकातच लिहून गेलेत, बायकांनी ते म्हणू नये. आई मात्र जन्मभर म्हणत आली, आणि तिला गाळायला सांगायची कुणाची छाती नव्हती.

कुर्ला_स्लो: आणि शेवटची स्तोत्रातली ओळ? 'तरुण होतो, म्हातारा झालो, पण नीतिमानाची लेकरं भाकर मागताना पाहिली नाहीत.' मी रोज पुलावर पाहतो. ती ओळ मनातल्या मनात म्हणतो.

पंगत: (ज्यू नाही, कुतूहल.) आमच्याकडेही जेवून उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात. पण मोठी प्रार्थना जेवणाआधी का नाही?

शनवारतेली: आधी हामोत्झी असते, भाकरीवरची, एका वाक्याची. तोरातली (मोशेच्या धर्मग्रंथातली) आज्ञा (अनुवाद ८:१०) मात्र खाऊन तृप्त झाल्यावरची. भुकेल्याला देव आपसूक आठवतो हो.

भाकरतुकडा: मग भाचीला काय म्हणालात?

शनवारतेली: काही नाही. एकट्यानेच पूर्ण म्हटली. तिची धाकटी दुसऱ्या आशीर्वादापर्यंत बसली होती, मग आइस्क्रीम आलं.